एक दिवस आधी लावलेला दिवा

छापखान्यात त्यांना सगळे ‘तारीखकाका’ म्हणत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेची मुद्रितं तपासण्यात चाळीस वर्षं गेली. एकेका चौकोनात तीन-तीन तारखा: इंग्रजी, हिजरी आणि त्यांची स्वतःची, यहुदी.

नव्या माणसाला ते हटकून समजवायचे, "इंग्रजी वर्ष सूर्याचं ऐकतं, चंद्राला विचारत नाही. हिजरी चंद्राचंच ऐकतं, म्हणून त्याचे महिने ऋतूंमधून फिरत राहतात. आमचं दोघांच्या मर्जीनं चालतं. एकोणीस वर्षांत सात वेळा तेरावा महिना घालावा लागतो, तुमच्या अधिक महिन्यासारखा."

"म्हणजे दोन सासवांची सून!" खिळे जुळवणारा जुळारी डोळे मिचकावत म्हणायचा.

"सूनच. आणि तिचा दिवस सूर्य बुडला की सुरू होतो. तेव्हा तारीख लिहिण्याआधी वेळ विचारा."

स्वतः मात्र एकदाच विचारायचे राहिले.

अकरा वर्षांपूर्वी बायको दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा काका तेराव्या महिन्याचं पान तपासत होते. सात वाजता निघाले. दवाखान्याच्या जिन्यातच मेहुणी भेटली. "भावोजी, ताई दुपारीच गेली. धावत आला असतात तरी…"

त्या ‘दुपारीच’वर ते जगले. दरवर्षी तिच्या जाण्याची यहुदी तारीख लागली की संध्याकाळी तिच्या नावाचा दिवा लावायचे. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तेवेल एवढा. मेहुणी यायची, बसायची, जायची.

यंदा ती चष्मा विसरून गेली. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर काका तो द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं. आत खिडकीत दिवा, नुकताच लावलेला.

"हा कोणासाठी गं?"

मेहुणीनं चष्मा घेतला, पदरानं पुसला, घातला नाही. "बसा ना. चहा टाकते."

"कोणासाठी?"

"ताईसाठी."

"तिचा काल झाला. मघाशीच विझला माझा दिवा."

"काल नव्हता तो, भावोजी."

चाळीस वर्षांची सवय. पुढचं सांगावं लागलं नाही. काकांनी खुर्चीची पाठ धरली. "किती वाजता गेली?"

"सूर्य बुडून दिवे लागले होते. पावणेसात."

छापखाना पाचला सुटायचा. दवाखाना वीस मिनिटांवर. त्या दिवशी एक चौकोन चुकला होता, म्हणून ते थांबले होते.

"मग दुपारी का म्हणालीस?"

"तुमचं तोंड बघवेना. बोटांना शाई तशीच. नंतर दरवर्षी मी ठरवायची, आज सांगायचं. आणि दरवर्षी तुम्हीच म्हणायचात, दुपारीच गेली, नाहीतर पोचलो असतो मी."

"वाट बघितली माझी?"

"खोटं सांगू की खरं?"

"खोटं झालं की अकरा वर्षं."

"पाचपासून दाराकडे तोंड करून निजली होती. म्हणाली, आता सुटला असेल छापखाना."

काकांनी दिव्याकडे पाहिलं. "म्हणजे तिचा दिवस लागायचा," ते हळूच म्हणाले, "आणि माझा दिवा विझायचा."

त्यांनी खुर्ची ओढून खिडकीशी घेतली. मेहुणीनं चहाचा कप पुढे केला, तो तसाच निवला.

"घरी सोडायला येऊ का, भावोजी?"

"नको. हा विझेपर्यंत बसतो."

"उद्या संध्याकाळपर्यंत? आणि छापखाना?"

"सकाळी कळव त्यांना. म्हणावं, मी येत नाही."