स्वयंपाकघरावरचा छज्जा

इंजिनिअरिंगच्या आमच्या वर्गात मुली दोनच. उन्हावर चालणाऱ्या घराचं काम वाटताना सरांनी स्वयंपाकघर बरोबर आम्हा दोघींच्या गळ्यात मारलं. छपरावरच्या प्लेटा आणि पाण्याची टाकी मुलांना. माझं डोकंच फिरलं. माझी जोडीदारीण महूच्या छावणीतली, फौजेतून रिटायर झालेल्या हवालदारांची मुलगी. ती म्हणाली, "चिडून काय होणार यार? असं किचन बनवू की हे सगळे बघतच राहतील."

कॉलेजच्या मागच्या मैदानात दोन खोल्यांचं घर उभं राहिलं. सोलर कुकरची पेटी तिने दक्षिणेच्या भिंतीतच बसवली. काच बाहेर, झाकण आत, म्हणजे बाईला डोक्यावर ऊन घेत अंगणात जायला नको. वर नऊ इंचांचा छज्जा काढायचा ठरला.

छज्जा बसायच्या आठवड्यात ती तापाने महूला पडून होती. नऊ इंच मला अगदीच दरिद्री दिसायला लागले. आमचं घराणं जुनं दरबारी, ऐट दाखवायची खोड रक्तातच. मी मिस्त्रींना सांगितलं, फरशी अडीच फूट बाहेर काढा. ती परत आली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"उन्हाळ्यात काचेवर सावली नाही ना पडणार?"

"हिशेब केलाय मी," मी ठोकून दिलं. केला बिला काही नव्हता. तिने ड्रॉइंग बदललं आणि खाली सही केली.

जानेवारीत सूर्य खाली असतो, ऊन छज्ज्याखालून काचेवर पोचतं. पेटीतला भात असा मोकळा शिजला की आम्ही नुसत्या मिठाशी फस्त केला. मग ती अभ्यासाला महूला गेली. त्या घराची चावी माझ्याकडे.

एप्रिलात एका दुपारी सहज चक्कर मारली. सूर्य थेट डोक्यावर, आणि छज्ज्याची सावली निम्म्या काचेवर. आठवड्याने पुन्हा गेले तर सावली आणखी पसरलेली. तिला पत्र टाकायला हवं होतं. एक कार्ड लिहिलंही, मग फाडलं. दुसऱ्या गावच्या मोठ्या कॉलेजात तिला पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती, फक्त यंदा सगळ्या विषयांत पास व्हायची अट होती. तिला कशाला घाबरवा, असं मी मनाशी म्हणत राहिले. खरं तर मलाच तिचं तोंड बघायची भीती वाटत होती.

मेमध्ये बाहेरचे परीक्षक आले. दहा वाजता तिने डाळ-तांदूळ आत ठेवले. साडेअकराला काच पूर्ण सावलीत गेली. ती बाहेर जाऊन छज्ज्याकडे बघत उभी राहिली, मग आत येऊन तिने माझ्याकडे बघितलं. परीक्षक साहेब घड्याळ बघत होते. एक वाजता त्यांनी झाकण उघडलं, तांदळाचा दाणा बोटात दाबला. कच्चा.

"ये ढाई फुट किसके हिसाब से?" त्यांनी ड्रॉइंग तिच्याकडे फिरवून सहीवर बोट ठेवलं. "आपका साइन है ना?"

"जी सर," ती म्हणाली.

साहेबांनी नापासाचा शेरा मारायला पेनचं टोपण काढलं, तेव्हा कुठे माझा आवाज फुटला. हिशेब केलाच नव्हता, मी खोटं सांगितलं, तिने विश्वासावर सही केली, आणि एप्रिलपासून मला सगळं माहीत होतं. सगळं सांगितलं. ती पास झाली. मला सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षेला बोलावलं.

ती महूच्या बसच्या रांगेत उभी होती, मी तिच्या मागे. खोटं कशाला बोलू, ती माझा हात हातात घेईल असं मला वाटत होतं. तिच्यासाठी मी सहा महिने घालवले होते.

"एप्रिलमध्ये सांगितलं असतंस तर मिस्त्रींनी अर्ध्या दिवसात फरशी छाटून दिली असती," ती म्हणाली. "दोघी पास झालो असतो."

"सांगितलं ना शेवटी."

"साहेबांना सांगितलंस," ती म्हणाली. "मला नाही."

बस आली. ती चढली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.