पहिल्या नंबराचा राग

आमच्या सिनियरांइतका रागीट वकील ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा झाला नाही, आणि त्यांचा सगळा राग एकाच गोष्टीवर होता: ते स्वतः कायद्याच्या परीक्षेत अख्ख्या मुंबई इलाख्यात पहिले आले होते, यावर. कुणी नुसतं "पहिले आलेले ना तुम्ही?" म्हटलं की चष्मा टेबलावर आपटत. वर्षाला तीन चष्मे तरी त्यात जात. सत्काराला आलेली डोंबिवलीची मंडळी त्यांनी नारळासकट जिना उतरवली. "अहो, पहिला आलो हा माझा गुन्हा आहे, त्याला हार कसले घालता?"

आधी असं नव्हतं. पाटीवर 'प्रथम वर्गात प्रथम' असं रंगवलेलं होतं, आणि तिसऱ्या वर्गात, तेही तिसऱ्या खेपेला सुटलेला मी, त्यांचा ज्युनियर, ती पाटी प्रत्येक पक्षकाराला मोठ्यानं वाचून दाखवायचो. खाडीकाठच्या एका म्हाताऱ्या आगरी कुळालाही दाखवलं. वर बजावलं, "बाबा, साहेबांपुढे तोंड उघडायचं नाही."

कुळकायद्याचा दावा. जमीन हाच कसतो हे मामलेदारांपुढे ठरायचं होतं. मालकाच्या माणसानं शपथेवर सांगितलं, रोपं मीच लावली. आमच्या साहेबांनी त्याला एक प्रश्न विचारला नाही. दीड तास असा कायदा सांगितला की कचेरीतला पंखासुद्धा हळू फिरू लागला. निकाल विरुद्ध गेला. शेत गेलं.

बाहेर आल्यावर म्हातारा हळूच म्हणाला, "खाऱ्या शेतान रोपा कोन लावतं, सायेब? आमी मोड आलेलं बी फेकतो. त्यो खोटा बोलला."

"मग तिथेच का नाही सांगितलंत?"

"तुमी पयलं आलेलं. तुमाला मी काय शिकवू?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पहिला चष्मा तेव्हा फुटला. मग पाटी उतरली, आणि महिनाभर मी ज्या शिव्या खाल्ल्या त्या कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात नाहीत. अपिलात विचारलं गेलं, हे आधी का नाही काढलंत? तिथेही हरलो.

त्यानंतर ते मला घेऊन म्हाताऱ्याच्या घरी गेले. त्यानं एकुलती एक खुर्ची पुसून पुढे केली. साहेब खाली ओटीवर बसले आणि म्हणाले, "बाबा, बियाला मोड कसे आणता, सांगा."

म्हातारा आधी लाजला, मग बोलत सुटला. भिजवायचं किती, दडपायचं कशाखाली, भरती कधी टाळायची. साहेब एकेक शब्द वहीत उतरवून घेत होते. मध्ये एकदाच त्यांनी मान वर करून विचारलं, "आणि मग?"

दावा तर केव्हाच संपला होता.