हरभऱ्यातली पिवळी पावलं

पोलीस खात्यात राहून खून पाहिले, दरोडे पाहिले. पण अंगावर काटा आणणारी घटना विचाराल, तर मला गेवराई तालुक्यातलं हरभऱ्याचं एक रान आठवतं.

सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला. चकलांब्याकडच्या एका वस्तीवर साठीची बाई एकटी राहत होती. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. शेजारच्या बागायतदाराच्या हरभऱ्यात तिची पावलं उमटतात आणि तिथलं पीक जळतं, अशी आवई उठली होती. अमावास्येच्या आत घर सोड, नाहीतर पेटवून देऊ, असं त्या बागायतदारानं चारचौघांत तिला बजावलं होतं. अमावास्येला चार दिवस होते. स्टेशन डायरीला नोंद करून मी दोन शिपाई घेऊन निघालो.

रान पाहिलं आणि खरं सांगतो, मी थबकलो. हिरव्यागार हरभऱ्यात एकेका ढांगेवर पिवळे डाग, बागायतदाराच्याच उसाच्या फडापासून थेट बाईच्या दारापर्यंत. मध्ये बांधावर कडुलिंब. त्याच्या सावलीत डाग गायब, पलीकडे पुन्हा सुरू. तिथं ती झाडात शिरते, असं लोक सांगत होते. पंचनाम्याच्या वेळी एक शिपाई त्या डागांवर पाय देईना. मी त्याच्यावर खेकसलो खरा, पण चाललो मीही कडेकडेनंच.

दोन दिवस जबाब घेतले. ऐकलं सगळ्यांनी होतं, पाहिलं कुणीच नव्हतं. शेवटी कृषी सहायकाला बोलावलं. त्यानं पानं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, हे उसातल्या तणनाशकाचं काम. हे औषध पानाचं उन्हात अन्न बनवणं बंद पाडतं, मग तेच ऊन पानाला जाळतं. सावलीत वेळ लागतो एवढंच. दोन दिवसांनी झाडाखाली बघा.

अमावास्येच्या सकाळी गेलो. कडुलिंबाखालीही डाग उमटले होते. कारण ठाऊक असूनही मी पुन्हा कडेकडेनंच चाललो.

बागायतदाराला ठाण्यात बोलावलं. औषध उसातच मारलं, हरभऱ्यात थेंब पडला नाही, असं तो छातीठोकपणे सांगत राहिला. मी त्याचा पाठीवरचा फवारणीचा पंप मागवला, पाण्यानं भरला, त्याच्याच पाठीवर दिला आणि अंगणात चालायला लावलं. झाकणाचा रबरी वायसर गेलेला. दर पावलाला पाणी हिंदकळून खाली पडत होतं. वळून मागं ओल्या डागांची रांग पाहिल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"उसात मारून उरलेलं औषध पंपातच होतं, साहेब," तो म्हणाला. "तसाच हरभऱ्यातनं तिच्या दारी गेलतो. लई तहान लागलती. तिनंच तांब्या भरून दिला."

त्याच्यावर धमकीचा आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल केला. पण राग मला स्वतःचाच आला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची वेळ आली होती, कारण मी प्रत्येकाला तू काय पाहिलंस हे विचारलं. तू त्या दिवशी काय केलंस, हे कुणालाच विचारलं नाही. पुढच्या प्रत्येक तपासात मी आधी तोच प्रश्न विचारला.

काही महिन्यांनी त्या वाटेनं जाताना बाईकडे थांबलो. लोक नीट वागतात का, असं विचारलं.

"बोलतेत की नीट," ती म्हणाली. "पण मी चालाया लागले की अजूनबी माझ्या पायाकडंच बघतेत."

मला निरोप द्यायला ती गाडीपर्यंत आली. त्या वेळी माझीही नजर एकदा तिच्या पायांकडे गेली. तिनं ते पाहिलं आणि मागे वळली.