एवारिस्तोची पांढरी मुलूखगिरी

अर्जेंटिनाच्या अगदी दक्षिण टोकाला, आमच्या उश्वायात, एवारिस्तो ओयार्सो न्हाव्याकडे दाढीला बसलं की अंटार्क्टिकाची सफर फुकट. गालाला साबण लागला रे लागला की हा बोटीत चढलाच म्हणून समजा. पेंग्विनांनी त्याचे मोजे कसे पळवले, वाऱ्याने त्याची टोपी कशी शेजारच्या देशाच्या तळावर नेऊन टाकली, आणि शेवटी हमखास तो सीलचा किस्सा. तीस वर्षं ऐकतोय आम्ही. गंमत एवढीच, की हा बाबा आमच्या धक्क्याच्या पलीकडे कधी गेलेलाच नाही.

सगळ्या गल्लीला ठाऊक आहे हे. त्याच्याकडे खलाशी येतात, तळावरून परतलेले शिपाई येतात, हवामानवाले येतात. ते बोलतात, हा ऐकतो, आणि खाली पडलेल्या केसांबरोबर त्यांच्या गोष्टीही झाडून गोळा करतो. पुढचं गिऱ्हाईक बसेपर्यंत त्या याच्या स्वतःच्या झालेल्या असतात. पण त्याला तोंडावर खोटं पाडायला कोणी जात नाही. त्याची बायको रामोनासुद्धा नाही. ती कोपऱ्यात विणत बसते आणि अगदी सरळ चेहऱ्याने सगळं ऐकून घेते. तो चेहरा बघायला मी मुद्दाम जाऊन बसते.

मी त्यांची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत, अंटार्क्टिकाला जाणाऱ्या एका श्रीमंती बोटीवर लाँड्रीत काम करते. गेल्या डिसेंबरात बोटीचा न्हावी मनगट मोडून उश्वायातच उतरला. पाहुण्यांची व्यवस्था बघणारी बिर्गिटबाई, मूळची डेन्मार्कची, मला विचारू लागली, "गावात कोणी न्हावी आहे का, तिकडच्या समुद्राची सवय असलेला?"

"माझ्या शेजाऱ्यालाच विचारा," मी म्हटलं. "पण आधी खुर्ची घेऊन बसा."

एवारिस्तोने तिलाही सोडलं नाही. "अहो बाई, तिकडे मी किती वेळा गेलोय त्याचा हिशेबच नाही!"

बरोबरच आहे. जे झालंच नाही त्याचा हिशेब कोण ठेवणार?

बाईने अट घातली. चिलीतल्या पुंता अरेनास बंदरापर्यंत एक दिवस काम बघणार. पसंत पडलं तर तिथून बोटीबरोबर थेट अंटार्क्टिका. नाही पडलं तर पिशवी उचलायची आणि बसने घरी. शिवाय नियम एकच: पाहुणा बोलला तरच बोलायचं.

"मेलास तू," मी त्याच्या कानात म्हटलं.

तर तो दिवस. बोटीच्या वरच्या मजल्यावर न्हाव्याची खोली, आमच्या गल्लीतल्या कुठल्याही दिवाणखान्यापेक्षा मोठी. भिंतभर काच, काचेबाहेर खाडी, आणि एकामागून एक हिमनद्या सरकत चाललेल्या. आत एवारिस्तो पोटावर ताणलेल्या पांढऱ्या कोटात, ओठ घट्ट मिटून उभा. सकाळी दोन जर्मन झाले, एक अमेरिकन झाला. तिघेही डोळे मिटून पडले. एक अक्षर नाही. मी टॉवेल द्यायला गेले तर याचा चेहरा झाकण दाबून धरलेल्या किटलीसारखा.

"कसं काय?"

"घसा गंजला गं."

"बरं झालं. बायकोला पत्र लिहून कळवते."

तो हसला नाही. काचेबाहेर बघत हळूच म्हणाला, "खरं सांग. तिकडे सगळं पांढरंच असतं का?"

"मला काय विचारतोस? मी लाँड्रीत. मला चादरी दिसतात. त्या पांढऱ्या असतात."

"मला हे काम हवंय गं," तो म्हणाला. "एकदा तरी जायचंय."

मी चिडवायचं सोडून त्याचे टॉवेल नीट रचून ठेवले. असं मी सहसा करत नाही.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. अनिबाल नाव, देशाच्या पार उत्तरेकडच्या कोरियेंतेसचे, डोक्यावर एक केस नाही. पोरांनी ऐंशीव्या वाढदिवसाला ही सफर भेट दिलेली. खुर्चीत रेलले, डोळे मिटले आणि म्हणाले, "काय उस्ताद, इथलेच का?"

पाहुणा बोलला! एवारिस्तोने माझ्याकडे बघितलं, आणि मी तिथेच एक टॉवेल उघडून पुन्हा घडी घालायला घेतला. आता कोण खाली जातंय?

"इथलाच, साहेब. पण अर्धं आयुष्य तिकडे गेलं माझं."

मग धरण फुटलं. वारा झाला, टोपी झाली, मोजे झाले, आणि सील आला. हा भला थोरला, ट्रकएवढा सील तळाच्या दाराला आडवा पडलेला. दार उघडेना, माणसं आत अडकलेली. ओरडून झालं, डबे बडवून झाले, सील घोरतोय.

"शेवटी काय, साहेब, मी माझं अकॉर्डियन काढलं. खिडकीतून वाजवायला लागलो. पहिलं कडवं संपायच्या आत सील उठला आणि समुद्रात गेला!"

म्हातारेबुवांचे डोळे मिटलेलेच. "अकॉर्डियन नीट वाजत होतं का?"

"छे हो! अर्धे सूर मुके. म्हणून तर सील पळाला."

"मुके कशाने झाले?"

एवारिस्तो अडला. हे त्याला कधी कोणी विचारलंच नव्हतं. "ते… थंडीने, साहेब."

"थंडीने नाही," अनिबाल म्हणाले. "त्याच्यावर मी बसलो होतो."

वस्तरा हवेत थांबला. माझा टॉवेल खाली पडला.

"दाढी इथपर्यंत होती माझी तेव्हा," म्हातारेबुवा छातीवर हात ठेवून म्हणाले. "बोटीतून उतरलो तो तुझ्याच दुकानात. बेकरीला लागून होतं ना? तू तोंड उघडं टाकून ऐकत होतास. एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, मुका आहे बिचारा."

"साहेब, मी…"

"थांब रे. ते मोजे कुणाचे? माझ्या गोष्टीत नव्हते."

"एका हवामानवाल्याचे," एवारिस्तो पुटपुटला.

"छान आहेत. पण सील वासराएवढाच होता. इतकी वर्षं तूच खाऊ घालून फुगवलास त्याला."

नेमकी त्याच वेळी बिर्गिटबाई दारात. "साहेब, त्रास नाही ना? बाहेरपर्यंत आवाज येतोय. हा म्हणतो, तिकडे राहून आलाय. मला शंकाच आहे. पुढे बोट हेलकावते तेव्हा वस्तरा नवख्याच्या हातात मला नको."

एवारिस्तो पडेल आवाजात म्हणाला, "बाई, खरं सांगायचं तर…"

"खरं मी सांगतो," अनिबाल उठून बसले. एका गालावर साबण, एक गाल स्वच्छ. "मी त्या तळावर होतो, बाई. या माणसाने आत्ता सांगितलेली गोष्ट खरोखर घडलेली आहे. सील मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

"आणि हेलकावे?"

"आत्ताच केवढा धक्का बसलाय त्याला. मला कुठे कापलं का?"

बाईने वाकून गाल तपासला. मग एवारिस्तोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी टॉवेल शोधत होते. "ठीक आहे," ती म्हणाली. "पुढे चला. पण पाहुणा बोलला तरच बोलायचं."

"मी थांबतोय कुठे?" अनिबाल म्हणाले आणि दुसरा गाल पुढे केला.

पुंता अरेनासच्या धक्क्यावर असा वारा होता की माणसं दिव्याच्या खांबांना धरून उभी होती. एवारिस्तोने मात्र खांब सोडून दोन्ही हातांनी फोन धरला होता. मी मागे उभी होते, अर्थात त्याला आडोसा म्हणून.

"रामोना! ऐकतेस ना? बसने येत नाही मी! अगं, मी अंटार्क्टिकाला चाललोय!"



"परत?" रामोना म्हणाली.