नोरामावशींचा झेंडा

नोरामावशींना झेंड्याखालून नुसतं जाता यायचं नाही. ट्रामच्या थांब्यावर, जत्रेत, नगरपालिकेच्या दारात, कुठेही झेंडा दिसला की मान वर. सरळ आहे ना, फाटलेला नाही ना, दोरी सैल नाही ना. एकदा गच्चीवरच्या कठड्याला अडकून लोंबणारा झेंडा दिसला, तर भर बाजारात पोलिसाला हाताला धरून घेऊन आल्या. झेंडा कुठल्या देशाचा होता ते मला आठवत नाही आणि त्यांनाही त्याच्याशी कर्तव्य नव्हतं.

साठ सालानंतर लगेचच आम्ही स्टुटगार्टला गेलो. आमचे हे टेक्निकल विद्यापीठात डॉक्टरेट करत होते आणि मी घरात भिंतींशी बोलत होते. खालच्या मजल्यावर या आयरिश बाई. लढाई संपल्यावर मदतपथकाबरोबर जर्मनीत आल्या आणि तिथेच राहिल्या. संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घ्यायच्या. जिना धुण्याची पाळी एका आठवड्यात त्यांची, दुसऱ्या आठवड्यात माझी. त्या जिन्यातच आमची ओळख झाली. माझं आज जे काही इंग्रजी आहे ते त्या जिन्यातलं. वयाने मोठ्या, म्हणून मी मावशी म्हणू लागले. मग विद्यापीठातली सगळी मराठी मुलंही म्हणू लागली.

पंधरा ऑगस्टला मुलांनी एक खोली सजवली होती. भाषणाच्या टेबलावर तिरंगा छान अंथरला आणि त्यावर मी केलेल्या लाडवांचं ताट ठेवलं. मावशी आल्या, त्यांनी ताट उचललं आणि तसंच हातात धरून उभ्या राहिल्या.

"मावशी, बसा की," मुलांतला जोशी म्हणाला.

"आधी टेबल मोकळं करा."

"अहो, झेंडा आमचा आहे!"

"म्हणूनच तर! आईच्या शालीवर कोणी ताट ठेवतं का रे?"

जोशीने तिरंगा उचलून भिंतीवर लावला. मग मावशींनी चार लाडू खाल्ले.

राष्ट्रगीताचंही तसंच. दुकानाच्या काचेआड टीव्हीवर फुटबॉलची मॅच लागली होती आणि जर्मनीचं गीत सुरू झालं. मावशी कोबीची पिशवी घेऊन ताठ उभ्या. मी पुढे निघाले तर मला दंडाला धरून थांबवलं. मी म्हटलं, "मावशी, हे दुसऱ्यांचं गाणं."

"उभं राहायला आपलंच कशाला लागतं?"

आम्ही पुण्याला परतल्यावर काही वर्षं नाताळात त्यांचं कार्ड यायचं. एका वर्षी आलं नाही, मग पुढेही आलं नाही. समजायचं ते समजले. पण मला त्या आठवतात त्या हॉकीच्या मैदानावरच्या.

झालं असं, की गावातल्या हॉकी क्लबाने आयर्लंडचा संघ मैत्रीच्या सामन्याला बोलावला. हॉकी म्हटल्यावर आमची मुलं आनंदाने नाचायलाच लागली. क्लबाचे सेक्रेटरी मावशींकडे आले, कारण गावात आयरिश माणूस तेवढंच. त्यांनी आणलेल्या आयर्लंडच्या झेंड्यात नारिंगी पट्ट्याच्या जागी चक्क पिवळा. मावशींनी तो परत केला. "मीच शिवते," म्हणाल्या. इतकी वर्षं या देशात काढली, पण आपला झेंडा इथल्या खांबावर चढलेला एकदाही पाहिला नाही, हे त्या मला पहिल्यांदाच बोलल्या.

हिरवं आणि पांढरं कापड मिळालं. नारिंगी काही मनासारखं मिळेना. शेवटी मी ट्रंकेतून परकराचं कापड काढलं.

"वापरलेलं नाही ना?" मावशींनी संशयाने विचारलं.

"कोरं आहे हो, आईने दिलेलं!"

"गेनाऊ! अगदी हाच रंग," म्हणाल्या आणि शिवायला बसल्या. शिवताना मला शिकवत होत्या. हिरवा काठीच्या बाजूला. हिरवा कॅथलिक लोकांचा, नारिंगी प्रोटेस्टंट लोकांचा, आणि मधला पांढरा म्हणजे दोघांमधला सलोखा.

सामन्याच्या सकाळी आम्ही मैदानावर लवकर पोचलो. मावशींनी झेंडा दोरीला बांधला, तेवढ्यात संघाचे मॅनेजर आले. टोपी काढून फार नम्रपणे बोलले. आयर्लंडचे दोन भाग झालेले. दक्षिणेचा स्वतंत्र देश, उत्तरेचा भाग इंग्लंडच्या राणीकडे. पण हॉकीचा संघ मात्र सगळ्या बेटाचा एकच.

"बाई, माझी निम्मी मुलं उत्तरेची आहेत. त्यांच्या घरांवर हा झेंडा नसतो. आम्ही फक्त संघाचं हिरवं निशाण लावतो. पण तुम्ही इतक्या प्रेमाने शिवलाय... तुम्हीच ठरवा."

उत्तरेतल्या बेलफास्टचा कॅप्टन मागे उभा होता, बुटाच्या टोकाने गवत उकरत.

मला राग आला. मी मराठीतच बोलले, "मावशी, चढवा तुम्ही! तुमचा देश आहे!" त्यांना शब्द नसतील कळले, पण सूर कळला.

 मावशी दोरीची गाठ सोडू लागल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "झेंडा वर गेला आणि निम्मी पोरं मान खाली घालून उभी राहिली, तर मधला पांढरा पट्टा फाटलाच की गं."

वारा सुटला होता. झेंडा जमिनीला टेकू द्यायचा नाही आणि एकट्या माणसाला तो आवरेना. मी पुढे होणार, तोवर मावशींनी दुसरं टोक त्या कॅप्टनच्या हातात दिलं. वर्गातल्या मुलाला सांगावं तसं म्हणाल्या, "नीट धर. ताण. आता घडी." त्यानेही ताणून धरलं. दोघांनी मिळून घडी घातली. मावशींनी ती पिशवीत ठेवली आणि हिरवं निशाण वर गेलं तेव्हा ताठ उभ्या राहिल्या. डोळे मात्र पुसले नाहीत. गीत-निशाणाच्या वेळी हात हलवायचा नाही, हा त्यांचाच नियम.

सामना झाला, चहा झाला. संघाची बस निघाली तेव्हा कॅप्टनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाई, पुढच्या वेळी आणा तो. चढवा खुशाल. मी दुसरीकडे बघेन."

"मग नाही आणणार," मावशी म्हणाल्या. "तू बघावंस म्हणून तर शिवला होता."