सव्वाचार किलोमीटर राहिले होते

सुगंधा घाडीगावकर घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेते. जोगेश्वरीतल्या एका लॅबची नोकरी. सकाळी साडेसहाला घर सोडायचं आणि दुपारपर्यंत मालाडभर फिरायचं. धाकू तावडे तिला अशाच एका फेरीत भेटले, नऊ वर्षांपूर्वी. मालाड पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. ती धापा टाकत वर पोचली तेव्हा दारात चौसष्ट वर्षांचा एक काटकुळा माणूस हाफ पँटवर उभा होता.

"काय गो, चार जिन्यांत दमलंस? वय काय तुझा?"

"चौतीस."

"मगे रविवारी साडेपाचाक बोरिवलीच्या पार्काच्या गेटार ये."

ती का गेली, हे तिला आजही नीट सांगता येत नाही. पण गेली. पहिल्या रविवारी दोन लाइटच्या खांबांमधलं अंतर धावली आणि कडेला बसून ओकली. धाकूकाकांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "आता पुढचो खांबो." सासरी, माहेरी, लॅबमध्ये, सगळीकडे तिला 'पुरे झालं' म्हणणारीच माणसं होती. आणखी थोडं जमेल तुला, असं कुणी म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

काका एकेकाळी कापड गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि गिरणीच्या टीमकडून कॅनव्हासचे बूट घालून शर्यती पळायचे. संपात गिरणी गेली. मग वॉचमनकी, कुरियर, पुन्हा वॉचमनकी. धावणं तेवढं सुटलं नाही. उपनगरात पहाटे धावणारा प्रत्येक जण त्यांना ओळखायचा. बँकेतले साहेब, आयटीतली पोरं त्यांच्यासोबत फोटो काढायला थांबायची. सुगंधाला त्याचं फार अप्रूप वाटायचं. आपला माणूस आहे, असं ती मनात म्हणायची.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. पार्कातली अर्धमॅरेथॉन रविवारी होती, आणि शनिवारी संध्याकाळी काकांच्या मुलीचा, नलिनीचा मुलुंडहून फोन आला.

"सुगंधा, बाबांच्या स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट चांगला नाही. मंगळवारी अँजिओग्राफी ठरलीय. डॉक्टरांनी जिनेसुद्धा हळू चढायला सांगितलंय. उद्या फक्त पाणी वाटायला जातो म्हणालेत, पण माझा विश्वास नाही. आमचं ऐकत नाहीत गं. तुझं ऐकतील. थांबवशील ना?"

"थांबवते, नलूताई," सुगंधा म्हणाली.

पहाटे गेटवर काका दिसले. छातीवर नंबर लावलेला. भोवती सात-आठ जण, प्रत्येकाच्या हातात फोन. तिने त्यांना बाजूला ओढलं.

"काका, नलूताईंचा फोन आला होता."

"म्हायत आसा माका."

"मग हे काय?"

"मंगळवारी माका टेबलार निजवतले. मगे कोण धावूक दितलो? आज एकदा धावान घेतंय. तू आपला धाव."

ती तरातरा आयोजकांच्या टेबलाकडे गेली. तिथे श्वेता नावाची मुलगी यादी घेऊन बसली होती. सुगंधाने सांगितलं, त्यांना सोडू नका, हार्टचा प्रॉब्लेम आहे. श्वेताने फाइल चाळली. "मॅडम, काकांचं फिटनेस सर्टिफिकेट आहे ना इथे. ऑक्टोबरचं. आणि आज त्यांचा सत्कार पण आहे." मागून माइकवर काकांचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या वाजल्या, आणि माणसं सुटली.

ही शर्यत भल्याभल्यांना रडवते. गेटपासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चढत जायचं, वळसा घालून उतरायचं, आणि हेच सगळं पुन्हा एकदा. सुगंधा जीव खाऊन पळाली. त्यांना गाठायचं आणि हाताला धरून थांबवायचं, एवढंच डोक्यात. पण त्र्याहत्तर वर्षांचा तो माणूस दुसऱ्या वळणापर्यंत तिला दिसला, नंतर दिसेनासा झाला. आयुष्यात कधीच ती त्यांच्याहून वेगात धावली नव्हती. आज कुठून धावणार होती? चढावर पोटऱ्या भरून आल्या, श्वास तुटायला लागला, आणि फोन तर सामानाच्या काउंटरवर पिशवीत.

लेण्यांच्या थोडं अलीकडे काका समोरून उतरताना आले. पावलं हलकी, हात सैल.

"काका, थांबा!"

"खांदे खाली सोड गो!" ते ओरडले आणि शेजारून निघून गेले.

तिला रडू आलं, आणि रडता रडता तिने खांदे खाली सोडले.

दुसऱ्या फेरीला ऊन चढलं होतं. पाण्याच्या प्रत्येक टेबलावर ती विचारत होती, धाकूकाका गेले का, कसे होते? पोरं म्हणायची, "झकास आहेत, टेन्शन नका घेऊ." वाटेतल्या प्रथमोपचाराच्या टेबलावरच्या डॉक्टरला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्यांनी स्वतःहून त्रास होतोय म्हटलं तरच मला काही करता येईल.

लेणी एक किलोमीटरवर आली असताना काका पुन्हा समोरून आले. या वेळी ते चालत होते. चेहरा राखेसारखा झाला होता. डावा हात ते दर दोन पावलांनी झटकत होते. सुगंधा वाटेत आडवी उभी राहिली.

"हात दुखतोय?"

"जरा जड झालो हा."

"बस झालं, काका."

"सव्वाचार किलोमीटर रवले. सगळो उतार आसा."

"बस झालं म्हणते ना मी!"

ते तिच्याकडे बघत राहिले. ओरडतील, ढकलून पुढे जातील, अशी तिची खात्री होती. तसं केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"तू सांगतंस?" त्यांनी विचारलं.

"हो. मी सांगते."

काकांनी मान हलवली. कठड्यावर बसले आणि छातीवरच्या नंबरच्या पिना एकेक करून काढायला लागले. त्यांनी तिला मदत करू दिली नाही. दोघा स्वयंसेवकांनी अँब्युलन्स बोलावली. ती शेजारी बसायला गेली तर म्हणाले, "हय बसू नको. तू पुरी कर. तू बसलंस तर मी उठान धावान."

अँब्युलन्सचा दरवाजा लागेपर्यंत ती उभी राहिली. मग पुन्हा चढाला लागली, कारण दुसरं काय करावं ते तिला कळेना. तीन तास चार मिनिटांनी ती पोचली. कुणीतरी गळ्यात मेडल घातलं. ती पिशवी सोडवून नलिनीला फोन लावत होती, आणि फोन लागत नव्हता.

दोन रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. स्टेंट बसले. बाबा थांबले नसते तर काय झालं असतं, असं नलिनीने विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित काहीच झालं नसतं, कदाचित वाटेतच गेले असते.

आता पथ्यपाणी चालू आहे. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं चालायला परवानगी आहे, पण काका खाली उतरत नाहीत. सुगंधा महिन्याकाठी रक्त घ्यायला जाते. त्यांचा दंड बारीक झालाय, शीर पटकन सापडते. ती पार्कातल्या बातम्या सांगते, कोण किती वेळात धावलं ते सांगते. ते "हां, हां" म्हणतात आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवतात. एकदा तिने धीर करून विचारलं, "काका, माझ्यावर रागावलात?"

"नाय गो. बरोबर केलंस तू," ते म्हणाले. पण तिच्याकडे बघितलं नाही.

नलिनी मुलुंडहून आलेली असली की निघताना तिचे दोन्ही हात हातात घेते. तू होतीस म्हणून बाबा आहेत, म्हणते. सुगंधा मान हलवते, चपला घालते.

रविवारी ती अजून जाते. गेटवर ओळखीचे लोक विचारतात, काका कुठे आहेत, दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत. घरी आहेत, बरे आहेत, असं सांगून ती बुटाची नाडी बांधायला खाली वाकते.