विरजण आणि मी

चूक माझीच. माझं औषधांचं दुकान आहे. शौचातून रक्त जातंय, असं बायकोने, सुनंदाने, सांगितलं तेव्हा मी मूळव्याधीचं मलम आणून दिलं. "डॉक्टरांना दाखवू या का?" तिने दोनदा विचारलं. "मग मी कशाला आहे?" असं म्हणत मी वर्षभर मलमं बदलत राहिलो. शेवटी निघाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर.

आज सकाळी दह्याचं भांडं उघडलं. चमचाभर विरजणातल्या न दिसणाऱ्या जिवांनी रात्रीत सगळ्या दुधाचं दही केलं होतं. आतड्यातही असेच असंख्य जीव असतात, असं डॉक्टर म्हणाले होते. बहुतेक आपले सोबती, काही मात्र या आजाराला हातभार लावत असावेत.

"म्हणजे हे जंतूंमुळे झालं?" मी घाईने विचारलं होतं.

"नक्की सांगता येत नाही. पण तुम्ही लवकर यायला हवं होतं."

जंतू निदान दिसत तरी नाहीत. तिचं उतरलेलं तोंड मला रोज दिसत होतं.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"दुकान उघडायचं नाही का आज?" तिने विचारलं. "घरातलं गिऱ्हाईक सुटत नाही वाटतं."

"सुनंदा, तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर."